मेजावरून उचललेले वस्त्र

एका ख्रिस्ती वस्तीत एकदा एक वयोवृद्ध विणकर राहत होते. वस्तीत घरोघरी माग होते आणि तिथल्या मंदिराची एक जुनी रीत होती. दरवर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे येशू कबरीतून उठला त्या सणाला, प्रभुभोजनाच्या मेजावर नवे पांढरे वस्त्र अंथरले जाई. ज्याने विणले त्यानेच ते आणून अंथरायचे. मग पाळक सर्वांसमक्ष विचारत, "हे कोणी विणलं?" विणणाऱ्याने उभे राहून उत्तर दिले की पाळक वस्त्रावर हात ठेवून प्रार्थना करत, आणि त्यानंतरच त्यावर भाकर व प्याला ठेवला जाई.

वृद्धांचा मुलगा शांतवन हा नावाजलेला विणकर. बरीच वर्षे हे वस्त्र त्याच्याच मागावर होत आले होते. एका वर्षी त्याने त्यासाठी उभे धागे ताणून लावले, वीतभर कापड विणले, आणि तापाच्या साथीत तो गेला. त्या सणाला वस्त्र दुसऱ्या घराने दिले. शांतवनचा माग तसाच उभा राहिला.

पाऊस सरल्यावर त्याची बायको सगुणा सासऱ्यांपुढे येऊन उभी राहिली. "मामा, मला विणायला शिकवा."

वृद्धांनी तिला आपल्या मागावर बसवले. गुरू म्हणून ते मवाळ नव्हते. "धोटा फेकतेस की कोंबड्या हाकलतेस?" असे विचारायचे. आडवा धागा नेणारा तो धोटा ती पुन्हा फेकी. हात बसल्यावर एके दिवशी ते म्हणाले, "आता त्याच्या मागावर जा. काम राहिलंय तिथं."

सणाच्या आधी वस्त्र मागावरून उतरले. वृद्धांनी त्याच्या काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवले आणि अंगणात जाऊन बसले.

रविवारी मंदिर भरले. सगुणाने वस्त्र मेजावर अंथरले. पाळकांनी विचारले, "हे कोणी विणलं?"

सगुणा म्हणाली, "यांनी."

क्षणभर कोणाला कळले नाही. मग ती शांतवनबद्दल बोलतेय हे कळले आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पाळक प्रार्थनेसाठी हात उचलणार, इतक्यात वृद्ध बाकावरून उठले, सावकाश मेजाजवळ गेले, वस्त्राची नीट घडी घातली, ती बगलेत धरली आणि चालत बाहेर निघून गेले.

"म्हाताऱ्याला भ्रम झाला," एक आत्याबाई पुटपुटल्या. "पोटच्या पोराचं नाव झालं, तर कापडच उचललं."

मेज उघडे पडले. पाळकांनी गाणाऱ्यांना खूण केली. एक गीत जास्तीचे सुरू झाले. सगुणा सासऱ्यांच्या मागे धावली. ते मंदिराच्या ओट्यावर बसले होते.

"मामा, हे काय केलंत? आत सगळे खोळंबलेत. त्यांच्या नावाचं होतं ते."

"बस इथं. प्रभूच्या मेजापुढे खोटं बोललीस तू."

"खोटं कसं? सुरुवात त्यांचीच आहे."

वृद्धांनी घडी उलगडली. "हे बघ. ही वीतभर माझ्या शांतवनची. उजवी किनार आत ओढलेली आहे. आयुष्यभर सांगितलं त्याला, आडवा धागा इतका खेचू नकोस. ऐकलं नाही. ही किनार मी डोळे मिटून ओळखीन." त्यांचे बोट तिथे जरा थांबले, मग पुढे सरकले. "आणि इथून पुढे बघ. सरळ. शेवटपर्यंत सरळ. हे त्याचं नाही, सगुणा. हे त्याच्यापेक्षा चांगलं आहे. मी त्याचा बाप आहे आणि मी हे सांगतोय."

सगुणाने मान खाली घातली. "मी विणलं असं सगळ्यांसमोर म्हणायचं म्हणजे गर्व नाही का होणार?"

"होऊ दे थोडा. देवाने जग घडवलं तेव्हा थांबून पाहिलं, आणि चांगलं झालंय म्हणाला. माझं काय त्यात, असं म्हणत बसला नाही."

तिने शांतवनच्या किनारीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "माझं म्हटलं, तर त्यांचं काहीच उरणार नाही, मामा."

वृद्धांनी तिच्याकडे पाहिले. "त्याची वीत आहे ना. ती कोण काढून घेतंय? त्याने जेवढं विणलं तेवढं त्याचं. ते पुरेसं आहे त्याला. तू त्याला न विणलेल्या कापडाचा मान दिलास, तर जिथे तो आहे तिथे त्याची मान खाली जाईल." त्यांनी वस्त्राची पुन्हा घडी केली आणि तिच्या हातात ठेवली. "आणि दिवस कोणता आहे बघ. आज कबरीतून बाहेर यायचं असतं. तू आत जाऊन बसलीस."

गीताचे शेवटचे कडवे चालले होते. सगुणा आत गेली, तिने वस्त्र अंथरले आणि शांतवनची किनार लोकांच्या बाजूला येईल अशी ठेवली. पाळकांनी पुन्हा विचारले.

"सुरुवात यांनी केली, वीतभर," ती म्हणाली. "पुढचं सगळं मी विणलंय."

"सगळं?" आत्याबाईंनी बसल्या जागेवरून विचारले.

"सगळं, आत्या. आणि चांगलं झालंय."

पाळकांनी वस्त्रावर हात ठेवला. मागच्या बाकावर वृद्ध येऊन बसले. शेजारी बसलेल्याने विचारले, "सून का तुमची?" तो परगावचा पाहुणा होता, त्याला ठाऊक नव्हते.

"शिष्या," वृद्ध म्हणाले, आणि ताठ बसून प्रार्थना ऐकू लागले.

आपले माणूस जिथे थांबले तिथून पुढचे विणणे आपले असते. ते आपले म्हणावे, त्याने त्या माणसाचे काही कमी होत नाही.