चार कोपऱ्यांचा उतारा

पूर्वी अचिरवती नदीकाठच्या एका नगरात कोणी राजा राज्य करीत होता. त्याचे नाव आता कुणाला आठवत नाही, आणि या कथेत त्याचे काही कामही नाही. त्या काळी बोधिसत्त्वाने कोंबड्याच्या योनीत जन्म घेतला होता. पाटला नावाच्या मुलीने त्याला पिल्लापासून वाढवले. ती लग्न होऊन वेणुग्रामात नांदायला आली, तेव्हा माहेरचे आंदण म्हणून बारा कोंबड्या आणि हा तांबडा कोंबडा तिच्याबरोबर आला.

वेणुग्राम हे कोंबड्या पाळणाऱ्यांचे गाव. खुराड्याचे दार लागे ते रात्रीपुरतेच. दिवसभर साऱ्या गावाच्या कोंबड्या साऱ्या गावाच्या अंगणांत आणि उकिरड्यांवर माती उकरत फिरत. कुणाची कोंबडी कुणाच्या दारात चरते याचा हिशेब कोणी ठेवत नसे.

पाटला आली आणि दोन महिन्यांत कोंबड्या खंगू लागल्या. दाणे पोटभर खात, तरी छातीचे हाड धारेसारखे वर येई. तुरा पांढुरका पडे, पंख लोंबत, आणि मग एखाद्या सकाळी कोंबडी कुंपणाशी पाय ताठ करून पडलेली दिसे. आधी पिल्ले गेली, मग नुकत्या अंड्यावर आलेल्या तलंगा गेल्या. अंगावर जखम नाही, आसपास साप नाही, मुंगूस नाही. खाणारा दिसत नव्हता, हेच लोकांना सहन होईना.

गावात कालक नावाचा मांत्रिक होता. त्याने सांगितले, "कोंबड्यांना आतून खाणारी यक्षिणी गावात शिरली आहे. तिचा वाटा तिला द्या." मग उतारा सुरू झाला. कोंबडी आजारी पडली की ती उंबऱ्यावरून तीनदा ओवाळायची, कापायची, आणि तिकडे न पाहता आतड्यांचे तुकडे करून अंगणाच्या चार कोपऱ्यांना टाकायचे. यक्षिणीने आपला वाटा घेऊन जावे, असा त्यामागचा विचार. यक्षिणी काही आली नाही. गावभरच्या कोंबड्या मात्र धावत येत आणि ते तुकडे मिटक्या मारीत गिळत. कोपऱ्यांत जे उरे ते मातीत मिसळे, आणि दुसऱ्या दिवशी तीच माती उकरली जाई. बोधिसत्त्व आपल्या कळपाला परोपरीने सांगे, की तिकडे चोच लावू नका. पण समोर आतडे पडल्यावर उपदेश कोण ऐकतो?

जितके उतारे झाले, तितकी मर वाढली. मर वाढली तशी भीती वाढली. लोक दिवसाढवळ्या दारे लावून बसू लागले. आज कोंबड्या, उद्या पोरे, असे बायका पाणवठ्यावर कुजबुजत, आणि पाटला आली की गप्प होत. शेवटी कालक सरळच बोलला, "यक्षिणी कधी आली? ही सून आली तेव्हा."

पाटलेचा नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर दूर देशी गेला होता. सासरा सोमिल गावाचा प्रमुख होता. मनाने तो वाईट नव्हता, पण गावाला भीत होता, आणि त्याहून कालकाला भीत होता. पंचांनी ठरवले, की पौर्णिमेला सूर्य मावळण्याआधी पाटलेला नदीपलीकडच्या रानात नेऊन सोडायचे. त्या रानात गेलेले माणूस परत आल्याचे कोणी पाहिले नव्हते.

त्या दिवशी सकाळी पाटला अंगणात बसून होती. यक्षिणीची खूण म्हणून कालकाने तिच्या दोन्ही तळहातांना काजळी फासली होती. तिने कोंबड्याला जवळ ओढले आणि हळूच विचारले, "खरंच मीच असेन का रे? मला कळत नसेल, पण मीच असेन का?"

बोधिसत्त्वाने मान पंखात खुपसली. त्याला ठाऊक होते. आठ दिवसांपूर्वी त्याने आपल्याच विष्ठेत एक पांढरा कृमी वळवळताना पाहिला होता. तसलेच कृमी त्याने उताऱ्याच्या आतड्यांतही पाहिले होते. तो अंगाने धट्टाकट्टा होता, म्हणून रोग त्याच्या पोटात निमूटपणे राहिला आणि त्याच्याबरोबर या गावात आला. हे सांगितले तर काय होईल, हेही त्याला कळत होते, आणि तो भ्याला. बोधिसत्त्व भीत नाही असे कोणी समजू नये. ते आठ दिवस सुरीचा आवाज आला की त्याची मान आपोआप आखडे.

दुपार कलली. लोक काठ्या घेऊन अंगणात जमले. कालकाने पाटलेला दंडाला धरून उठवले, तेव्हा बोधिसत्त्व खुराड्यावर उडी मारून बोलला. त्या काळी प्राण्यांची भाषा माणसांना कळे.

"सोमिल गृहपती, तिला सोडा. कोंबड्यांना कृमींनी खाल्ले आहे. तिच्या माहेराहून ते मीच आणले, माझ्या पोटातून. आणि चार कोपऱ्यांना टाकून तुम्ही ते गावभर पेरले."

लोक मागे सरले. कालक म्हणाला, "ऐकलंत? यक्षिणीच त्याच्या तोंडून बोलतेय."

"मग मला कापा आणि पाहा," बोधिसत्त्व म्हणाला. "कृमी नसले तर तिला न्या."

पाटला रडत सोमिलाच्या पाया पडली. "मामंजी, त्याला कापू नका. मी जाते रानात. माझी मी जाते."

"पाटले," बोधिसत्त्व म्हणाला, "तू गेलीस तरी कोंबड्या मरतीलच. मग हे लोक दुसरी कुणी शोधतील. माझ्यामागे खुराडी नव्या जमिनीवर हलव. जुनी माती खरवडून जाळ. दाण्यात कृमी पाडणारी वावडिंगाची पूड घालत जा." एवढे बोलून तो खाली उतरला आणि कालकाच्या पायाशी जाऊन उभा राहिला. सुरी निघताच त्याची मान आखडली, तरी तो जागचा हलला नाही. ते सगळ्यांना दिसले.

कालकाने सुरी चालवली.

आतडे उघडताच लोक वाकून पाहू लागले. आत शिजलेल्या शेवयांसारखे पांढरे कृमी गच्च भरले होते, आणि ते अजून हलत होते. सोमिलाने तोंडाला उपरणे लावले. ज्यांनी काठ्या आणल्या होत्या, त्यांनी त्या खाली ठेवल्या. कालकाचा चेहरा उतरला. पण वर्षानुवर्षांची सवय हाताला होती. त्याने आतड्यांचा तुकडा उचलला आणि पहिल्या कोपऱ्याकडे भिरकावण्यासाठी हात वर केला.

पाटलेने काजळी फासलेल्या हाताने त्याचे मनगट धरले.

"टाकू नका," ती म्हणाली. "आता तरी टाकू नका."

तिने ते सारे स्वतः गोळा केले, गावाबाहेर जाळले, आणि कोंबड्याने सांगितले तसे सगळे केले. पावसाळ्यापर्यंत मर थांबली. पाटला मात्र पुढे कित्येक दिवस कोंबडा आरवला की दचकून उठे आणि रडे.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका विहारात सांगितली. तिथे एक भिक्षू तापात बरळत होता. त्याला भूतबाधा झाली असे समजून इतरांनी त्याच्या कोठडीला बाहेरून कडी घातली होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कालक म्हणजे आज ही कडी घालणारा भिक्षू. सोमिल म्हणजे ते पाहून मान वळवणारा तुमचा वडीलधारा थेर. पाटला म्हणजे खिडकीतून आजाऱ्याला पाणी देणारी उपासिका. आणि तो कोंबडा मीच होतो. आपल्यावर येईल हे ठाऊक असून मी खरे बोललो, पण आठ दिवस उशिरा बोललो. त्या आठ दिवसांत पुष्कळ कोंबड्या मेल्या. सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, मी त्या जन्मी शिकलो, ती अशी, भीत भीत."

कडी घालणारा भिक्षू उठला. त्याला अजून भीती वाटतच होती. त्याने जाऊन दार उघडले.