आंब्याची भीड

फार पूर्वी ढगांना झाडामाणसांची बोली कळायची, पण अर्धीमुर्धी.

त्या वर्षी फाल्गुनाला धड एक रंग नव्हता. टेकडीवर सकाळी धुकं, दुपारी चटका, अन् खालच्या गावांत संध्याकाळी हुडहुडी. अशात एक पोरगेला ढग वाट चुकून तिकडं आला. खळ्यावरची माणसं ओरडली, "आभाळ आलं! आभाळ आलं!" ढगाला वाटलं, आपलं स्वागतच चाललंय.

टेकडीवरचा म्हातारा आंबा मोहोरानं लदला होता. ढग त्याच्यावर येऊन थांबला. "आंबेबाबा, किती तापलात! मी सावली धरतो."

"नको रे लेकरा," आंबा काकुळतीला आला, "मोहोराला आभाळ सोसत नाही."

मोठ्यांचं पहिलं 'नको' म्हणजे नुसती भीड, असं ढगाला घरी शिकवलेलं. तो हटला नाही. जाताना मायेनं टेकडीवर अन् खळ्यावर चार सरीही शिंपडून गेला.

वारा फिरला तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं. मोहोर काळा पडून गळत होता. खळ्यावर बायका भिजलेला गहू उपसत रडत होत्या.

वैशाखात तो पुन्हा त्याच वाटेनं निघाला, पाण्यानं जड झालेला. टेकडी भाजून निघाली होती. आंब्यावर एकही कैरी नव्हती, पानंही सुकली होती. खालून माणसं ओरडली, "आभाळ आलं! आभाळ आलं!" ढग दचकला.

"ये लेकरा," आंबा म्हणाला, "आता थांब हवं तेवढं."

'मागं मी मोहोर घालवला, तरी ये म्हणतात; मोठी माणसं भिडेनं बोलतात,' ढगाला वाटलं. अन् भरल्या अंगानं तो टेकडी ओलांडून निघून गेला.