पान एकशे बारावरची चव

विषय : रुंदनगर येथील वनयक्ष शाल्मल यांच्या मटणाच्या दुकानास कायमचे टाळे ठोकण्याबाबत.
संदर्भ : राजे उग्रकेतू यांच्या पणजोबांची रोजनिशी, पान एकशे बारा.

सदर पानावर पणजोबांनी लिहिले होते : "वेषांतर करून शाल्मलच्या दुकानी मटण खाल्ले. अशी चव जन्मात चाखली नाही." उग्रकेतूंनी ते वाचले आणि हट्ट धरला. तीच चव आठ दिवसांत आपल्या ताटात पडली पाहिजे, नाहीतर दुकानाला टाळे आणि कुटुंब नगराबाहेर!

वनयक्ष ही टोकदार कानांची, हजार हजार वर्षे जगणारी जमात. त्यांचे नातलग रानात वीणा वाजवतात आणि चांदण्यावर कविता करतात. शाल्मलच्या घराण्याला दोन्ही जमेना, म्हणून ते बोकड कापू लागले, असे ते स्वतःच सांगत. शाल्मल मटण कापी, त्याची बायको अरणी मागच्या चुलीवर ते शिजवून देई आणि मुलगी वेतसी रांगेतल्या गिऱ्हाइकांची समजूत घाली. यांतले सर्वांत कष्टाचे काम वेतसीचे होते.

सात दिवसांत सात पातेली राजवाड्यावर गेली. रोज भरपेट जेवण झाल्यावर महाराज एक घास घेत आणि म्हणत, "ही नव्हे!"

"बाबा, त्या पणजोबांना तुम्ही काय खायला घातलं होतंत?" वेतसीने सातव्या दिवशी विचारले.

"कालपरवाचीच तर गोष्ट. एकशे तीस वर्षंही झाली नसतील. तो राजा होता, हे मागाहून कळलं." शाल्मलने कान खाजवला. "म्हातारा बोकड होता. चिवट! तुझ्या आईकडून खाली लागलासुद्धा."

"माझ्याकडून?" अरणी आतून ओरडली. "सुऱ्याला धार लावता लावता तुम्ही झोपलात, ते नाही सांगत! तो बिचारा गृहस्थ सकाळपासून रांगेत उभा होता!"

वेतसीने क्षणभर आईकडे पाहिले, पायांत चपला सरकवल्या आणि ती तडक राजवाड्यावर गेली.

"महाराज, ती चव उद्या मिळेल. पण सगळं पणजोबांसारखंच व्हायला हवं. उपाशीपोटी दुकानात या आणि रांगेत उभे राहा. नंबर आल्याशिवाय रांग सोडायची नाही, आणि मध्ये काही खायचंही नाही."

"एवढंच ना? उभा राहतो! चव नाही आली, तर टाळं माझ्या हातानं ठोकीन!"

आठव्या दिवशी उजाडता उजाडता महाराज हजर झाले. त्यांच्या पुढे एकच बाई होती, कुंभारआळीतली भागूबाई. तिने विणकाम आणले होते.

आत शाल्मल बाह्या सरसावत होता. "वेते, आज झटपट उरकतो गं! राजासमोर उशीर केला तर मान जाईल!"

"बाबा, आज घाई केलीत तरच जाईल. रोजच्यासारखं करा. तेवढंच तर येतं आपल्याला!"

मग रोजच्यासारखेच झाले. सुरा सापडेना. सापडला तेव्हा धार नव्हती. धार आली तेव्हा शाल्मलला चहा हवा झाला. मग बोकडाचा निरोप घ्यायची वेळ आली. या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे कापण्याआधी बोकडाच्या चौदा पिढ्यांची नावे त्याच्या कानात म्हणायची आणि एक जरी चुकले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

"...आठवा ढवळ्या, नववा बांड्या..."

"नववा करड्या!" अरणी आतून म्हणाली.

"बांड्या!"

"करड्या! बांड्या त्याचा चुलता!"

"पुन्हा पहिल्यापासून," शाल्मल बोकडाला नम्रपणे म्हणाला.

दुपार झाली. महाराज खांबाला टेकले. "अगं ए पोरी, अजून किती?"

"झालंच, महाराज!"

"हे तू सकाळीही म्हणालीस!"

"सकाळी अंदाजानं म्हणाले होते. आता नक्की झालंच!"

भागूबाईने मान वर केली. "महाराज, हातमोजे विणायला घ्या. मन रमतं. माझ्या जावयाचा अख्खा स्वेटर या ओट्यावर झालाय."

"आणि तरी तू इथंच येतेस?"

"काय करू! इथून मटण नेलं की घरात कुणी नावं ठेवत नाही."

दिवेलागणीला महाराजांचा नंबर आला. अरणीने पातेले पुढे ठेवले. घाबरून तिच्याकडून ते खाली लागले होते आणि मीठ घालायचे राहून गेले होते. शाल्मलने डोळे मिटून कान झाकले.

महाराजांनी एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग ताट बाजूला सारून पातेलेच ओढले. नळ्या चोखल्या, तळाची खरवड बोटाने काढून खाल्ली.

"हीच! हीच ती चव!" ते ओरडले. "सात दिवस लपवून ठेवलीत, लबाडांनो! आज यात घातलंत तरी काय?"

"आज तर मीठसुद्धा घातलं नाही, महाराज," वेतसी म्हणाली. "सात दिवस आमचं मटण तुमच्या पोटात जागा शोधत होतं. आज तुम्ही दिवसभर उपाशी राहिलात, म्हणून जागा मिळाली. पणजोबांनाही आम्ही असंच उपाशी ठेवलं होतं. दुसरं कुठलंही दुकान यासाठी कपट करील. आमच्याकडे ते आपोआप होतं!"

महाराज असे हसले, की हातातली नळी निसटून भागूबाईच्या लोकरीत पडली. "शाबास गं! आळसाचं एवढं मोल देणारा मी पहिलाच राजा!" त्यांनी गळ्यातला कंठा काढून वेतसीला दिला. "शाल्मल, तूही माग काहीतरी!"

"मटण तोडायला आणखी एक ओंडका हवा, महाराज. म्हणजे काम लवकर होईल."

"दिला! लेखी अर्ज तेवढा पाठव."

शाल्मलने अर्ज लिहायला घेतला. तो पावणेदोन वर्षांनी राजवाड्यावर पोहोचला. अर्जदाराने वय नमूद केले नसल्याच्या शेऱ्यासह तो परत आला. "आठवून कळवतो," असे शाल्मलने कळवले आहे. अर्ज प्रलंबित आहे.