बिनदोऱ्याच्या गाठी

“...मग ‘करुणा’ लिहू का?”

रेवणबुवा पाक ढवळत राहिले.

“की ‘क्षमा’? अर्थ जरा जड आहे. पण पाटीवर अक्षर सुरेख येतं.”

“साचे बांधा, गुरुजी,” बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. नदीकाठच्या त्या लहानशा मठात बुवा दरवर्षी आदल्या दिवशी स्वतः साखरेच्या गाठी करत. काही गावातल्या गुढ्यांसाठी, काही लहान मुलांच्या गळ्यात घालायला. आणि शंका घेऊन जो कोणी येई, त्याला हाताखाली बसवून घेत.

यंदा सोनटक्के गुरुजी बसले होते. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले. बुवांना ते गुरू मानत, पण बुवासुद्धा त्यांना गुरुजीच म्हणत. गुरुजींना त्यात काही वावगं वाटत नसे.

काम अवघड नव्हतं. लाकडी साच्याचे दोन भाग. एकाच्या खोबणीत दोरा ठेवायचा, दुसरा त्यावर बसवायचा आणि सुतळीने आवळायचं. वरच्या भोकातून बुवा पाक ओतत. बुवांनी एकदा करून दाखवलं होतं. पुन्हा दाखवायला गेले, तर गुरुजी हसून म्हणाले होते, “मला दोनदा सांगावं लागत नाही.”

आता ते बांधत होते आणि बोलत होते.

“पाडव्याला घरात पाटीवर एक शब्द लिहायचा आणि वर्षभर सगळ्यांनी त्याप्रमाणे वागायचं. वीस वर्षांचा नेम आहे माझा. ‘संयम’ झाला, ‘काटकसर’ झाली. गेल्या वर्षी ‘शिस्त’ लिहिली.”

“हं.”

“शब्द चांगला होता ना, बुवा?”

“चांगला होता.”

“मग मंदार घर सोडून का गेला?”

बुवांनी पुढचा साचा हातात घेतला. तो क्षणभर उजेडाकडे धरला. मग त्यात पाक ओतला.

गुरुजींनी स्वतःच सांगितलं. जेवण बरोबर साडेबाराला, हा घरातला नियम. सून गरोदर होती, तिला अन्न पोटात ठरत नव्हतं. एके दिवशी ती सव्वाला पानावर आली. गुरुजींनी वाढलेलं ताट उचलायला लावलं. ती काही बोलली नाही. मुलगा, मंदार, तोही बोलला नाही. संध्याकाळी दोघं नदीपलीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेले.

“ती उपाशी राहिली का?” बुवांनी विचारलं.

“ते... मला माहीत नाही. मी वामकुक्षीला गेलो होतो.”

चुलीत लाकूड तडतडलं.

“दिवाळीत मुलगी झाली,” गुरुजी म्हणाले. “शेजारणीकडून कळलं. उद्या तिचा पहिला पाडवा. मला ती घरी हवी आहे, बुवा. तिघंही हवी आहेत. घर खायला उठतं हो!”

लगेच त्यांनी खिशातून वही काढली.

“म्हणून यंदा शब्द चुकायला नको. चाळीस काढलेत. ‘वात्सल्य’ आहे, ‘स्वीकार’ आहे. त्याला निरोप पाठवेन, पाटी बघून जा म्हणून. योग्य शब्द दिसला की तो येईलच... नाही का?”

“साचे उघडा,” बुवा म्हणाले.

गुरुजींनी सुतळ्या सोडल्या. साखर छान पांढरी धरली होती. कडा रेखीव, मधली फुलं ठसठशीत. गुरुजींनी अभिमानाने पहिली माळ उचलायला हात घातला.

हातात एकच पदक आलं. बाकीची पदकं साच्यातच राहिली.

दुसरा साचा, तिसरा साचा. सगळीकडे तेच. पाचही साच्यांत दोराच नव्हता.

गुरुजींनी शेजारी पाहिलं. दोऱ्याचं रीळ पाटाखाली जसंच्या तसं पडलं होतं. त्यांना इतकी लाज वाटली की कान तापले.

“तुमच्या लक्षात आलं नाही?”

“आलं होतं. पहिल्याच साच्याला.”

“मग तुम्ही पाक कसा ओतलात? मला सांगायचं तरी!”

“तुम्ही शब्द निवडत होतात.”

गुरुजी गोंधळले. हा बोल होता की थट्टा, त्यांना कळेना. बुवांच्या चेहऱ्यावर दोन्ही दिसत नव्हतं.

“आता यांचं काय करायचं?”

“तोंडात टाका. गोडच आहेत,” बुवा म्हणाले. “गळ्यात घालता येणार नाहीत, एवढंच.”

“कुणाच्या गळ्यात?”

“तुमच्या नातीच्या.”

गुरुजींनी पाटाखालून रीळ काढलं. एक साचा धुतला. खोबणीत दोरा ठेवला. तो सरकला, पुन्हा ठेवला. या वेळी त्यांनी एकही शब्द उच्चारला नाही. बुवांनी उरलेला पाक ओतला.

साखर थंड झाली. साचा उघडला. माळ अख्खी निघाली. एक पदक थोडं वाकडं होतं.

बुवांनी ती केळीच्या पानात गुंडाळून गुरुजींच्या हाती दिली.

“नाव काय ठेवलं तिचं?”

“कुणाचं?”

“नातीचं.”

गुरुजींनी वहीकडे पाहिलं...

“बारशाला मी गेलो नव्हतो,” ते हळूच म्हणाले.

बुवा चूल विझवायला लागले.

गुरुजी उठले, दारापर्यंत गेले, आणि पुन्हा मागे आले. एका हातात पान, एका हातात वही.

“पण बुवा, पाटीचं राहिलंच. ती कोरी कशी ठेवू? काय लिहू मी उद्या?”

बुवांनी चुलीवर पाणी शिंपडलं.

“पलीकडे जाऊन विचारून या, गुरुजी. मलाही ठाऊक नाही.”