तुटेपर्यंत ताणलेला दोर

गडाच्या कोठारात पोती वर चढवायला दिवाणांनी नवा दोर आणला. खाली हमाल उभे राहणार, म्हणून कोठाराच्या कारभारी चिमाबाईंनी आधी त्याची परीक्षा मागितली.

दिवाण भर दरबारात, राजासमोर उखडले. "तुटेपर्यंत ताणा, पण दोर शाबूत परत द्या! नाहीतर कारभार सोडा."

चिमाबाईंनी दोराच्या टोकाचा तुकडा कापला आणि त्याला दोन बाजूंनी दोन हत्ती जुंपले. हत्तींचे पाय मातीत रुतले, तरी तुकडा तुटेना. तिसरा हत्ती लावला, तेव्हा कुठे तो तुटला.

"तुटला की!" दिवाण ओरडले.

"तुटलेला तुम्हाला, दिवाणजी. शाबूत कोठाराला."

राजा उठला आणि त्याने उरलेला दोर कपाळाला लावला.