चाखणाऱ्याचा घास

बाजरी ऐन फुलोऱ्यात भिजली आणि कणसांवर बुरशी चढली. तिची भाकरी खाऊन माणसं गरगरून पडू लागली, तरी जहागीरदार रायाजीराव तीच बाजरी मजुरीत वाटायला निघाले. लोक ती घेईनात. तेव्हा रायाजीरावांनी आपलं जेवण रोज आधी चाखून बघणाऱ्या म्हाताऱ्या सटवोजीला चावडीवर बोलावलं.

"या बाजरीची भाकरी खाऊन दाखव यांना. म्हणजे यांची खात्री पटेल."

सटवोजीने एक घास खाल्ला आणि ताट जहागीरदारांपुढे सरकवलं.

"हे काय?"

"रोजचीच रीत, सरकार. माझा घास झाला, की उरलेलं ताट तुमचं."

सारं गाव बघत राहिलं. रायाजीरावांचा हात काही उचलेना.

दुपारी बाजरीची रास पेटवली, तेव्हाही ते ताट तिथंच होतं, एका घासाने उणं.