मोहिमेचा विडा

लढाई हरून फौज परतली आणि भर दरबारात गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. सेनापती दौलतरावांनी दिवाणांकडे पाहिलं, दिवाणांनी मान डोलावली, आणि दोघांची बोटं वळली फौजेला पाणी पुरवणाऱ्या दस्तगीर पखाल्याकडे. पाणी वेळेवर पोचलं नाही, म्हणून हार झाली म्हणे.

पखालींचे बैल पुढे नेऊ द्या, असं दस्तगीरने तीनदा विनवलं होतं आणि तिन्ही वेळा त्याला हाकललं होतं. पण आता ते ऐकणार कोण? तो हात जोडून म्हणाला, "सरकार, गुन्हा कबूल. फक्त शिक्षेआधी मला विडा द्या."

"कसला विडा?" राजांनी विचारलं.

"मोहिमेचा. इथं तबक फिरतं. जो विडा उचलतो, त्याच्या शिरावर मोहीम. ती माझ्या शिरावर होती म्हणता, आणि विडा तर मी चाखलाही नाही. तो खाल्ला कुणी, तेवढं विचारा."

दिवाण छताची नक्षी न्याहाळू लागले. शेवटी दौलतराव उठले. "विडा मी उचलला होता. बैल मागे ठेवायचा हुकूमही माझाच."

पुढच्या मोहिमेला तबक आलं. दौलतरावांनी विडा उचलला, पण तोंडात घालण्याआधी विचारलं, "दस्तगीर, पाणी कुठवर न्यायचं?"